तुंबा उघडून दाखवा, मग पैसे मागा

बैलगाडीच्या चाकाला वंगण घालण्यासाठी शेतकऱ्याने कधी कोणाची परवानगी मागितली नाही. खीळ काढायची, चाक आखावरून बाहेर ओढायचे, तुंब्यात वंगण फासायचे आणि चाक परत चढवायचे. गाडी सुताराने घडवलेली, धाव लोहाराने चढवलेली. पण एकदा पैसे मोजले की गाडी आपली आणि गाडीच्या पोटातले सगळेही आपले. आज त्याच शेतकऱ्याच्या दारात लाखो रुपयांची पिकअप उभी आहे. हप्ता त्याचा, डिझेल त्याचे, चिखलात रुतली तर धक्का त्याचा. पण पुढच्या चाकाच्या तुंब्यात काय आहे, हे मात्र त्याला ठाऊक नाही. ठाऊक करून घ्यायला गेला तर 'तुम्ही त्यात पडू नका' असे उत्तर मिळते.

या उत्तराची किंमत आम्ही मोजली आहे, म्हणून हा लेख.

आमच्या गटातल्या सात जणांनी मिळून एक जुनी फोर बाय फोर पिकअप घेतली. गावापासून डांबरी रस्ता तीन किलोमीटर, मधे काळ्या मातीची पाणंद. ऐन वेचणीत परतीचा पाऊस आला. दहा क्विंटल कापूस भरून गाडी निघाली आणि ओढ्याच्या अलीकडे मागची चाके रुतली. चालकाने लिव्हर फोरमध्ये टाकली. समोर दिवा लागला. गाडी जागची हलेना. मग त्याने लो गिअर टाकून जोर दिला आणि मागे 'कट्' असा आवाज झाला. मागचा हाफ शाफ्ट तुटला होता. गाडी रात्रभर पाणंदीत, कापूस ताडपत्रीखाली. सकाळी व्यापाऱ्याने ओला कापूस म्हणून भाव पाडला. वर्षभराची मेहनत एका रात्रीत भिजली.

दिवा लागला होता, मग पुढची चाके का ओढत नव्हती? मोठ्या वर्कशॉपमध्ये सांगितले, दोन्ही बाजूंची पूर्ण असेंब्ली बदला, माल यायला तीन आठवडे लागतील. तालुक्याच्या गॅरेजवाल्याने मात्र पुढच्या चाकाचा हब खोलला. आतले वंगण वाळून गुळाच्या खड्यासारखे झाले होते. जे कडे सरकायला हवे ते जागेवर चिकटले होते. डिझेलने धुतले, पातळ हात फिरवून वंगण लावले, कडे सरकू लागले. तासाभराचे काम. त्या तासाभराच्या माहितीअभावी शाफ्ट तुटला आणि कापूस भिजला.

चाकण आपल्याला परके नाही

आमच्या गटातल्या एकाचा मुलगा भोसरीत लेथवर काम करतो. त्याच्याकडे आम्ही चौघे गेलो. ज्या गाडीने आपल्याला दगा दिला, ती जिथे घडते तिथेच जाऊन विचारावे, एवढाच हेतू.

पिंपरी-चिंचवड ते चाकण हा पट्टा म्हणजे देशाच्या मोटार धंद्याचे एक मोठे केंद्र. टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स, १९६० च्या दशकात पिंपरीला आली. १९८८ साली टाटामोबाइल ही पिकअप तिथूनच बाजारात आली. आकुर्डीला बजाज टेम्पो, आजची फोर्स मोटर्स. तिची माटाडोर आपल्यापैकी अनेकांनी बाजारला नेली असेल. ती गाडी पुढच्या चाकांनी ओढायची, हे फार थोड्यांना माहीत असते. चिंचवडला एसकेएफचा बेअरिंगचा कारखाना आहे. मुंढव्याला भारत फोर्ज पुढच्या आखाचे तुळईसारखे लोखंड घडवते. भोसरीला १९६४ पासूनची दिवगी ही कंपनी चारचाकी ओढीच्या गाड्यांची ट्रान्सफर केस बनवते. ट्रान्सफर केस म्हणजे इंजिनाची ताकद पुढच्या आणि मागच्या आखात वाटून देणारी पेटी. चाकणला २००९-१० च्या सुमारास फोक्सवॅगन आणि महिंद्रचे मोठे कारखाने उभे राहिले.

आणि चाकण आपल्याला परके नाहीच. कारखाने येण्याआधी चाकण म्हणजे कांद्याचा बाजार. १९८० च्या जानेवारीत भामनेर खोऱ्यातले शेतकरी वांद्र्यापासून चाकणपर्यंत चालत आले, ते रस्त्याच्या मागणीसाठी. रस्ता नसेल तर गाडी मोडते, बैल थकतो, माल सडतो आणि भाव मातीत जातो, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नव्हते. त्या बाजाराच्या गावात आज फोर बाय फोर गाड्या तयार होतात. पण आपल्या पाणंदीत चिखल तोच आहे.

हबच्या आत काय असते

भोसरीच्या त्या शेडमध्ये मुलाच्या मिस्त्रींनी एक जुना हब टेबलावर उघडून ठेवला. जे पाहिले ते जसेच्या तसे सांगतो.

साध्या पिकअपमध्ये इंजिनाची ताकद फक्त मागच्या चाकांना जाते. पुढचे चाक नुसते फिरते. आखाच्या टोकाला एक खुंट असतो, त्यावर दोन बेअरिंग, बेअरिंगवर हब आणि हबला चाक बोल्ट केलेले. म्हणजे बैलगाडीचाच तुंबा, फक्त लाकडाऐवजी पोलाद.

फोर बाय फोरमध्ये हा खुंट पोकळ असतो. त्या पोकळीतून एक शाफ्ट बाहेर येतो. हा शाफ्ट पुढच्या डिफरन्शिअलकडून ताकद आणतो. पुढच्या चाकाला वळायचेही असते आणि ओढायचेही असते, म्हणून शाफ्टला मधे वाकणारा सांधा लागतो. जुन्या जीपसारख्या अखंड आखात तो क्रॉसचा किंवा गोळ्यांचा सांधा असतो. ज्यांची पुढची चाके स्वतंत्र वरखाली होतात त्या गाड्यांत प्रत्येक बाजूला दोन सीव्ही जॉइंट असतात. त्यांच्यावर रबरी बूट असतो. बूट फाटला की वंगण बाहेर पडते, माती आत जाते आणि सांधा वळणावर कटकट वाजू लागतो. पन्नास पैशांच्या भोकाने पाच हजारांचे नुकसान, तशातली गत.

आता मुद्द्याची गोष्ट. पोकळ खुंटातून आलेला शाफ्ट आणि बाहेरचा हब, हे दोन्ही एकमेकांना कायम जोडलेले नसतात. शाफ्टलाही दाते, हबलाही दाते. मधे एक दातेरी कडे. कडे आत सरकले की दोन्हींचे दाते धरते. मग शाफ्ट फिरला की चाक फिरलेच पाहिजे. याला हब लॉक होणे म्हणतात. कडे बाजूला सरकले की चाक बेअरिंगवर मोकळे फिरते. शाफ्ट, डिफरन्शिअल आणि पुढचा जॉइंट शाफ्ट स्वस्थ बसून राहतात. डांबरी रस्त्यावर एवढे लोखंड विनाकारण फिरवायचे नाही, झीज आणि डिझेल वाचवायचे, हा या व्यवस्थेचा हेतू.

ही युक्ती जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपना असे हब नव्हते. पुढचा आख कायम फिरत असे. युद्धानंतर त्या जीप शेतकऱ्यांनी आणि कष्टकऱ्यांनी घेतल्या, तेव्हा अमेरिकेत आर्थर वॉर्न नावाच्या माणसाने १९४८ साली मोकळा करता येणारा हब विकायला सुरुवात केली.

हब तीन तऱ्हेचे. पहिला हाताचा : चाकाच्या मधोमध फिरवायची चकती असते, चिखल आला की खाली उतरायचे आणि दोन्ही बाजूंच्या चकत्या लॉकवर फिरवायच्या. दुसरा ऑटो : शाफ्ट फिरू लागला की आतली यंत्रणा कडे ढकलते. तो सोडवायचा तर लिव्हर टूमध्ये घेऊन गाडी सरळ काही फूट मागे घ्यावी लागते. तिसरा हवेच्या ओढीवर चालणारा : नळीला भोक पडले की हब धरतच नाही. आणि काही गाड्यांत हबमध्ये काहीच सुटे नसते. जोडणे-सोडणे आत दुसरीकडे होते किंवा चारही चाके कायम ओढतात.

आम्ही विचारले, मग आमचा दिवा का लागला होता? तो मुलगा म्हणाला, "काका, तो दिवा ट्रान्सफर केसचा. ताकद पुढच्या आखाकडे निघाली, एवढेच तो सांगतो. चाकापर्यंत पोचली की नाही, ते त्याला काय माहीत?"

सरकारी योजनेचा निधी मंजूर झाल्याची बातमी आणि आपल्या खात्यातली रक्कम, यांत जो फरक असतो तोच हा फरक. आम्हाला ते लगेच कळले.

शाफ्ट का तुटला तेही उलगडले. लो गिअरमध्ये ओढीचा जोर कितीतरी वाढतो. तो जोर चार चाकांत वाटला जावा, असा हिशेब असतो. आमच्या गाडीत पुढची वाट बंद होती, सगळा जोर मागच्या आखावर गेला. चाके चिखलात घट्ट, त्यामुळे सर्वांत कमजोर जागी तुटले. आणि दोन्ही बाजूंचे हब लॉक असायला हवेत. एकच बाजू लॉक असेल तर डिफरन्शिअल आपली ताकद मोकळ्या बाजूच्या शाफ्टला फुकट फिरवण्यात घालवते आणि पुढून ओढ मिळत नाही.

उलट चूकही तितकीच महाग. फोरमध्ये घालून कोरड्या डांबरी रस्त्यावर गाडी पळवायची नाही. वळणावर पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा मोठा फेरा घ्यावा लागतो. पण अशा गाड्यांत फोरमध्ये पुढचा आणि मागचा जॉइंट शाफ्ट एकाच वेगाला बांधलेले असतात. चिखलात चाक थोडे घसरून हा ताण सोडून देते. डांबर तो सोडू देत नाही. मग टायर घासतात, सांध्यांवर पीळ बसतो, लिव्हर अडकते.

सगळ्यांनी फोर बाय फोर घ्यावी असे आम्ही म्हणत नाही

आम्ही शेतीचे पदवीधर, म्हणून मातीचेही सांगतो. आपली काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि चिकटते. टायरच्या खाचा भरल्या की टायर गुळगुळीत होतो. मग चार काय, आठ चाके ओढली तरी ती जागेवरच फिरणार. दुसरे म्हणजे साध्या डिफरन्शिअलमध्ये एक चाक घसरू लागले की त्या आखाची ओढ गेलीच. नावाला फोर बाय फोर आणि प्रत्यक्षात पुढचे एक आणि मागचे एक चाक नुसते गरगरते. आणि ब्रेक लावताना चार चाकांच्या ओढीचा काही फायदा नाही.

ओल्या रानात तर गाडी घालूच नये. वजनाखाली ओली माती दाबली जाते आणि रब्बी ज्वारीच्या मुळांना खालच्या ओलीपर्यंत जाणे जड होते. आपली रब्बी त्या ओलीवरच उभी असते. गाडी पाणंदीपुरती, रानाच्या बांधापर्यंत.

ज्या गावाला बारमाही रस्ता आहे त्याने जास्तीचे पैसे देऊन फोर बाय फोर घेणे म्हणजे उगाच लोखंड पोसणे. जिथे रस्ता नाही तिथे ती गाडी लागते, पण ती चैन नव्हे. रस्ता नसल्याचा तो दंड आहे आणि तो शेतकरी भरतो. राज्य सरकारने २०२१ साली मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना काढली. तुमच्या गावाची पाणंद त्यात गेली का, गेली असेल तर खडी पडली का, हे ग्रामसभेत विचारा. झालेली पाणंद ही सर्वांत स्वस्त फोर बाय फोर आहे.

पण पाणंद होईपर्यंत कापूस थांबत नाही. म्हणून ज्यांना ही गाडी घ्यावी लागते, त्यांच्यासाठी आमचे म्हणणे पुढे मांडतो.

जे उघडता येत नाही ते आपले नाही

कंपन्या म्हणतात, हब आणि आख हे सुरक्षिततेचे काम आहे, अडाण्याच्या हाती देता येत नाही. यात खोटे काही नाही. बेअरिंगचे नट चुकीचे आवळले तर चाक निखळू शकते. पण त्यावर उपाय कोणता? नट किती आवळायचा, ते मराठीत छापून देणे, की तो आकडा कुलपात ठेवणे? औषधाची मात्रा जास्त झाली तर पीक जळते, म्हणून कोणी डब्यावरची मात्रा खोडून टाकतो का? धोका आहे म्हणूनच माहिती हवी.

हे रडगाणे एकट्या शेतकऱ्याचे नाही. २०१४ च्या ऑगस्टमध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने देशातल्या १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. ठपका असा की, सुटे भाग आणि तपासणीची साधने खुल्या बाजारात मिळू दिली जात नाहीत आणि बाहेरच्या गॅरेजची वाट अडवली जाते. कंपन्यांनी त्याविरुद्ध दाद मागितली, प्रकरण वरच्या दारांत गेले. दंडाचे काय व्हायचे ते होवो, ठपका काय होता ते लक्षात ठेवा. २०२२ साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षाअखेर एक पोर्टल सुरू केले. त्यात शेती अवजारे आणि मोटारी, दोन्ही आहेत. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याने २०२३ मध्ये शेती यंत्रांच्या दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला आणि तो २०२४ च्या पहिल्या दिवसापासून लागू झाला. तिथला हजार एकरवालाही आपल्या ट्रॅक्टरचे झाकण उघडण्यासाठी भांडतो आहे. मग आपण का लाजायचे?

आणखी एक गोष्ट मनाला लागली. ज्या हबचे दाते आम्ही त्या टेबलावर पाहिले तसे दाते भोसरी-चाकणच्या शेडमध्ये कापणारी पोरे कोणाची? लातूर, बीड, परभणी, यवतमाळची. आपलीच. पोराने घडवलेला भाग बापाने उघडायचा नाही, असा हा व्यवहार आहे.

म्हणून जिल्हा बैठकीपुढे आम्ही तीन गोष्टी ठेवतो.

पहिली, गाडी घेण्यापूर्वी विक्रेत्याला विचारायचे : हब कोणत्या तऱ्हेचा आहे? कडे, स्प्रिंग, सील, बेअरिंग सुटे मिळते का, की पूर्ण असेंब्लीच घ्यावी लागते? ते खोलण्याचा पाना बाजारात मिळतो का? उत्तर तोंडी नको, लेखी हवे. उत्तर नसेल तर सौदा नको.

दुसरी, जुनी गाडी घेताना तपासून घ्यायचे. मागच्या चाकांना दगड लावा, लिव्हर टूमध्ये ठेवा, पुढचे एक चाक जॅकवर उचला आणि खाली भक्कम ठोकळा द्या. चाक वर-खाली धरून हलवा; खटखट लागली तर बेअरिंग सैल आहे. हाताचे हब असतील तर दोन्ही लॉक करून चाक फिरवा, पुढचा जॉइंट शाफ्ट फिरला पाहिजे. मोकळे केल्यावर फक्त चाक फिरले पाहिजे. ऑटो हब असेल तर ओल्या मातीत फोरमध्ये चालवा आणि पुढची चाके खरोखर ओढतात का, ते एकाने लांब बाजूला उभे राहून पाहावे. गाडी घेतल्यावर महिन्यातून एकदा कच्च्या रस्त्यावर हब लॉक करून थोडे अंतर चालवा, म्हणजे वंगण फिरते. खोल पाण्यातून गेलात तर हबचे वंगण पाहा. दुधासारखे पांढरट झाले असेल तर पाणी शिरले आहे, धुऊन बदला. आणि लॉकच्या कड्यात वंगण ठासून भरू नका. आमचे कडे अशाच वाळलेल्या वंगणाने चिकटले होते.

तिसरी, प्रत्येक तालुक्यात खरिपाच्या पेरणीआधी एक दिवस गॅरेजवाल्याला बोलावून एक चाक सगळ्यांसमोर खोलायचे. मायबहिणींनीही यावे, कारण रुतलेल्या गाडीला धक्का त्याही देतात. आणि बैठकीत ठराव करायचा : मराठी दुरुस्ती पुस्तिका, सुटे भाग सुटे विकणे आणि खोलण्याची हत्यारे खुल्या बाजारात. हा ठराव पोर्टलवर नव्हे, कंपन्यांच्या चाकण-पिंपरीच्या दारात आणि ग्राहक व्यवहार विभागाच्या टेबलावर पोचला पाहिजे.

सवलत मागत नाही, फुकट काही मागत नाही. पूर्ण पैसे मोजून घेतलेल्या वस्तूचा पूर्ण ताबा मागतो आहोत. आमच्या गाडीचा हाफ शाफ्ट नवा बसला, हब आता आम्हीच खोलतो. पुढचा परतीचा पाऊस येण्याआधी तुमच्या तालुक्यातले एक चाक उघडलेले असू द्या.